चरितार्थ आणि अत्तदीप

माणसाने आपल्या चरितार्थाच्या व्यवसायात जी उन्नती साधावयाची, ती धर्मविचाराचा विषय होऊ शकते काय, हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारला जात नाही. कारण धर्म म्हटला की देवघर, व्रतवैकल्ये आणि परलोक, आणि नोकरी म्हटली की पगार, बढती आणि निवृत्तिवेतन, अशी वाटणी आपण मनाशी फार पूर्वीच करून ठेवलेली असते. परंतु ज्या कामात माणसाच्या जागेपणीच्या आयुष्याचा सर्वांत मोठा हिस्सा खर्ची पडतो, त्या कामात आपण काय व्हावे, किती वाढावे आणि कोठे थांबावे हे ठरविण्याचा अखत्यार कोणाचा, हे जर धर्माने सांगावयाचे नसेल, तर धर्माने सांगण्याजोगे उरते तरी काय?

दादर-माटुंग्याच्या वस्तीत हा प्रश्न पंडितांच्या वादापुरता राहत नाही. येथल्या मध्यमवर्गीय घरांतून मुले पिढ्यानपिढ्या हिशेबाच्या विद्येकडे वळत आली आहेत. पूर्वी त्यासाठी १९१३ साली निघालेल्या सिडनेहॅम महाविद्यालयात जावे लागे, १९४१ साली माटुंग्यास पोदार महाविद्यालय सुरू झाल्यावर वाणिज्याची पदवी घराजवळच मिळू लागली. पदवीच्या मागोमाग सनदी लेखापालाच्या कचेरीतील आर्टिकलशिप, आणि त्यानंतर नरिमन पॉइंट, लोअर परळ किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातील एखाद्या कंपनीच्या वित्तविभागात नेमणूक, हा मार्ग येथे इतका रुळलेला आहे की त्यावर चालणाऱ्यास आपण काही निवडले आहे याचे भानही नसते. प्रथम खतावण्यांची रुजुवात, मग अंदाजपत्रके, मग खेळत्या भांडवलाची तजवीज आणि बँकांशी कर्जाच्या अटींची बोलणी, आणि शेवटी फार थोड्यांच्या वाट्यास येणारे मुख्य वित्त अधिकाऱ्याचे पद, अशा पायऱ्या चढताना बहुतेकांच्या मनाची धारणा अशी असते की साहेब चांगला भेटला तर आपले भले होईल, कंपनी वाढली तर आपणही वाढू, आणि दोन्ही न झाले तर नशिबाला दोष देऊन गप्प बसू. आपली वाढ दुसऱ्याच्या हवाली करण्याची ही वृत्ती वरकरणी नम्रतेसारखी दिसते, आणि म्हणूनच ती बारकाईने तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या वृत्तीस आपल्या परंपरेत एक भक्कम आधार सापडतो, तो स्वधर्माच्या कल्पनेचा. वाट्यास आलेले कर्म सदोष असले तरी सोडू नये, परक्याच्या धर्माच्या मागे धावण्यात भय आहे, हा गीतेचा उपदेश शतकानुशतके आपल्या कानांवर पडत आला आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ वाचणाऱ्या पिढीने या उपदेशातून लोकसंग्रहासाठी अखंड कर्म करण्याची प्रेरणा घेतली, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु त्याच उपदेशाचा दुसरा अर्थ समाजव्यवहारात अधिक खोलवर मुरला, तो असा की कोणी कोणते काम करावयाचे हे माणूस जन्मण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. फळाची आस धरू नये म्हणणे आणि शेत कोणते नांगरावयाचे हे दुसऱ्याने ठरवावे म्हणणे, या दोन गोष्टींत महदंतर आहे. निष्कामतेच्या नावाखाली आपण पहिलीच्या पोटात दुसरी खपवून घेत आलो.

ही खपवाखपवी ज्याने उघडी पाडली तो पुरुष याच दादरचा रहिवासी होता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि करावयाचे राहून गेलेले भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या मे महिन्यात पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, आणि त्यात जातिसंस्थेवर धर्मशास्त्राच्या अंगाने जसा आघात केला तसाच अर्थशास्त्राच्या अंगानेही केला. जातिसंस्था म्हणजे श्रमविभागणी, असे तिचे समर्थक म्हणत. बाबासाहेबांनी दाखवून दिले की तिने श्रमांबरोबर श्रमिकांचीही विभागणी केली, आणि त्यांना उच्चनीचतेच्या उतरंडीत बसविले. माणसाचे काम त्याची शिकवून तयार केलेली क्षमता पाहून न ठरविता आईबापांचा दर्जा पाहून ठरविणारी ही व्यवस्था, उद्योगधंदे कधीच स्थिर नसतात ही साधी गोष्ट विसरते. धंदे बदलतात, बुडतात, नवे निघतात, आणि अशा वेळी व्यवसाय बदलण्याची मोकळीक नसलेला माणूस उपाशी मरतो. हा विचार किती खरा होता हे परळ-लालबागच्या भूमीने पुढे पाहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि ज्या आवारांत साचे खडखडत होते त्या आवारांत आज काचेच्या इमारतींतून कंपन्यांचे वित्तविभाग बसलेले आहेत. तेथे काम करणाऱ्यांत गिरणी कामगारांची नातवंडेही आहेत. आजोबांचा धंदा नातवाचा धर्म असू शकत नाही, याला याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

त्याच १९३६ च्या मे महिन्याअखेर दादरच्या नायगाव भागात मुंबई इलाख्यातील महार परिषद भरली, आणि तेथे बाबासाहेबांनी जे दीर्घ भाषण केले ते ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने मराठी वाचकास परिचित आहे. धर्मांतर कशासाठी, याचा ऊहापोह करणाऱ्या त्या भाषणाचा शेवट त्यांनी भगवान बुद्धांनी महापरिनिर्वाणापूर्वी आनंदास केलेल्या उपदेशाने केला: दुसऱ्या कोणाच्या आश्रयावर विसंबू नये, आपणच आपला दीप व्हावे. अत्तदीप होण्याचा हा उपदेश भिक्षूंसाठी होता, अशी शंका कोणी काढील. पण नायगावात तो ऐकणारे लोक संसारी होते, गिरण्यांत, गोदीत आणि रेल्वेत राबणारे होते, आणि सांगणाऱ्याने तो त्यांच्या ऐहिक जीवनासाठीच सांगितला होता.

सांगणाऱ्याचे स्वतःचे आयुष्य या उपदेशाचे भाष्य म्हणून वाचता येते, आणि आपण ज्या विद्येविषयी बोलत आहोत त्याच विद्येच्या क्षेत्रातले. संविधानाचे शिल्पकार ही त्यांची ओळख इतकी मोठी झाली आहे की पैसा, चलन आणि सरकारी वित्त हे त्यांच्या तरुणपणाचे मुख्य अध्ययन होते, हे मागे पडले. लंडनमधील अभ्यास चालू असता बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत १९१७ साली संपली आणि त्यांना अर्ध्यावरून परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेने त्यांना राहावयास जागाही मिळू दिली नाही. मुंबईस येऊन त्यांनी शिकवण्या केल्या, शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याची कचेरी काढली, आणि सल्लागार कोणत्या जातीचा आहे हे कळताच गिऱ्हाइके नाहीशी झाली. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. सल्ला चुकीचा ठरला असता तर ती बाजाराची शिक्षा झाली असती. येथे सल्ल्याची परीक्षाच झाली नाही. ज्या बाजाराविषयी आपण समजतो की त्याला नफ्यातोट्याखेरीज काही दिसत नाही, त्या बाजारालाही जन्म दिसला.

पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनेहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबास ती नोकरी म्हणजे आयुष्यभराचे स्थैर्य वाटले असते, आणि कोणीही शहाणा नातलग त्यांना तीच धरून राहा म्हणाला असता. त्यांनी पगारातून काटकसरीने पैसा बाजूस टाकला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली राजीनामा देऊन ते अपुरा अभ्यास पुरा करावयास पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांना डी. एस्सी. मिळाली आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी सुवर्ण-विनिमय चलनपद्धतीच्या प्रश्नावर केन्ससारख्या अधिकारी पुरुषाच्या मताविरुद्ध मत मांडले, आणि ग्रंथास प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक कॅनन यांनीही त्यांच्याशी असलेला आपला मतभेद लपविला नाही. भारतीय चलनाविषयी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. याच सुमारास, म्हणजे १९२५ ते १९२८ या काळात, बाटलीबॉय यांच्या लेखाविद्येच्या संस्थेत ते हिशेबनिसांच्या उमेदवारांना व्यापारी कायदा शिकवीत होते. दादरच्या हिंदू कॉलनीत ग्रंथांच्या सोयीने बांधलेले ‘राजगृह’ नंतरचे. त्याआधी चाळीतल्या खोलीत ज्ञानाचे भांडवल जमा झालेले होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संसारी माणसाने अर्थार्जनात उन्नती करावी काय, हा प्रश्न प्रत्यक्ष बुद्धांनाच विचारला गेला होता. दीघजाणू नावाच्या कोलीय गृहस्थाने त्यांना म्हटले की आम्ही बायकापोरांत राहणारे, काशीचे चंदन लावणारे, सोनेनाणे वापरणारे लोक. आम्हांस इहलोकी व परलोकी हितकारक होईल असे काही सांगा. अंगुत्तर निकायात आलेले बुद्धांचे उत्तर आजच्या वित्तविभागातील उमेदवाराने वारंवार वाचावे असे आहे. त्यांनी इहलोकासाठी चार गोष्टी सांगितल्या. पहिली उत्थानसंपदा: शेती असो, व्यापार असो, राजसेवा असो, जे काम पत्करले त्यात निपुण व्हावे, आळस टाकावा आणि उपायांचा शोध घेण्याची बुद्धी अंगी बाणवावी. दुसरी, घामाने मिळविलेल्याचे रक्षण. तिसरी कल्याणमित्रता. चौथी समजीविता, म्हणजे तराजू धरणाऱ्याप्रमाणे आय आणि व्यय यांचा तोल ओळखून जगणे. यांपैकी पहिली गोष्ट माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. काम चोख करावे एवढेच बुद्ध सांगत नाहीत; कामाचे उपाय स्वतः शोधण्याची बुद्धी मागतात. वरिष्ठाने दिलेला तक्ता भरून देणारा हिशेबनीस आणि त्या तक्त्यातला प्रत्येक आकडा कोठून आला हे जाणणारा हिशेबनीस, यांत उत्थानसंपदा दुसऱ्याकडे आहे, पगार दोघांचा सारखा असला तरी.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बुद्धांनी मिथ्या आजीविकेची जी लक्षणे सांगितली त्यांत, ढोंग आणि लाळघोटेपणा यांच्या बरोबरीने, लाभाच्या योगाने आणखी लाभ मिळविण्याची हाव हेही एक लक्षण आहे. तो संदर्भ मुख्यतः भिक्षूंच्या आचरणाचा असला, तरी कंपनीच्या वित्तविभागाचे काम एका वाक्यात सांगावयाचे झाल्यास याहून निराळे काय सांगणार? भांडवलावर परतावा मिळवावयाचा, परताव्याचे पुन्हा भांडवल करावयाचे, कर्ज स्वस्त असेल तेथे कर्ज घेऊन भागधारकांचा लाभ फुगवावयाचा. मग ही विद्या मुळातच मिथ्या आजीविका ठरते की काय?

मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण या विद्येच्या पोटात शिरल्यावाचून कळत नाही. कंपनीला कागदोपत्री नफा असून महिनाअखेर कामगारांचे पगार द्यावयास तिजोरीत पैसा नसतो, असे वारंवार घडते. कारण विक्री खतावणीत आज चढते आणि वसुली तीन महिन्यांनी होते. या दोहोंमधली दरी आगाऊ ओळखून खेळत्या भांडवलाची सोय करणारा माणूस शेकडो घरांच्या चुली विझू देत नाही. एखाद्या कारखान्याने किती कर्ज घ्यावे आणि किती भांडवल भागांतून उभारावे, हे ठरविणारा माणूस तो कारखाना पुढच्या मंदीत तगेल की नाही हे ठरवीत असतो. हे धन त्याचे नसते. निवृत्तिवेतनाच्या निधीचे, ठेवीदारांचे, विमाधारकांचे असते. लाभातून लाभ काढण्याची हाव वेगळी आणि परक्याच्या ठेवीची राखण वेगळी. परंतु दोहोंची हत्यारे एकच आहेत, आणि म्हणून हत्यारावरून माणूस ओळखता येत नाही.

७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखविलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती. एवढा मोठा खोटा आकडा वर्षानुवर्षे जिवंत राहिला, तो ज्या ज्या टेबलावरून गेला त्या प्रत्येक टेबलावर कोणीतरी बसलेले होते. भारतातील सनदी लेखापालांची संस्था १ जुलै १९४९ रोजी अस्तित्वात आली आणि तिने बोधवाक्य घेतले ते कठोपनिषदातून. सारे निजलेले असता जो जागा राहतो त्याचे ते वर्णन आहे. त्याच उपनिषदात यमाने पुढे केलेली सारी संपत्ती नाकारून श्रेयस आणि प्रेयस यांतला भेद जाणणारा कोवळा नचिकेता आहे, आणि द्रव्याचा हिशेब ठेवणाऱ्यांनी द्रव्य नाकारणाऱ्याचा ग्रंथ आपल्या शिरोभागी ठेवावा, याइतके उचित मला काही दिसत नाही. अनाथपिंडिक श्रेष्ठीस बुद्धांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: संपत्ती असण्याचे, ती भोगण्याचे, ऋणमुक्तीचे आणि निर्दोष आचरणाचे, आणि पहिली तिन्ही मिळून चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याच्याही, म्हणजे रुपयातल्या एका आण्याच्याही, मोलाची नाहीत असे म्हटले.

मला जे मुख्यत्वेकरून सांगावयाचे आहे ते येथे येते. निर्दोष आचरण ही केवळ सदिच्छेने साधणारी गोष्ट नव्हे. ती सामर्थ्याने साधते. खोटा आकडा ओळखावयास विद्या लागते, त्यास नाही म्हणावयास बाजारात स्वतःची पत लागते, आणि नाही म्हणून घरी जावयास गाठीला पैसा लागतो. ज्याची विद्या आर्टिकलशिपबरोबर संपली, ज्याची पत एकाच साहेबाच्या मर्जीवर उभी आहे आणि ज्याच्या घराचा हप्ता पगाराचा निम्मा भाग खातो, त्यास सत्यनिष्ठेचा उपदेश करणे सोपे असले तरी त्याच्या हाती ती पाळण्याचे साधन आपण ठेवलेले नसते. म्हणून आपल्या व्यावसायिक वाढीची सूत्रे स्वतःकडे घेणे हा महत्त्वाकांक्षेचा हट्ट न राहता शीलाचा पाया होतो. रायगड जिल्ह्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे अर्थमंत्री झाले, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी ते मंत्रिपद सोडले. बाबासाहेबांनी त्याआधी १९५१ साली कायदेमंत्रिपद सोडले होते. या दोघांचे मोठेपण पदाने दिलेले नव्हते, म्हणून पद गेल्याने ते गेले नाही. देशमुखांना कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणण्याइतके संस्कृत येत होते, हेही मला या संदर्भात अप्रस्तुत वाटत नाही. ज्याच्या मनाची वस्ती कचेरीबाहेरही आहे, त्यास कचेरी सोडून जाता येते.

राजगृह नगराबाहेर दिशांना वंदन करणाऱ्या सिगाल नावाच्या गृहपतिपुत्रास बुद्धांनी मिळकतीचे चार हिस्से करावयास सांगितले होते: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात घालण्यासाठी, आणि चौथा आपत्तीसाठी राखून ठेवण्यासाठी. कंपनीच्या कर्जाचे भांडवलाशी प्रमाण क्षणार्धात काढून देणारे कितीतरी तरुण स्वतःच्या संसाराचे तेच प्रमाण कधी काढीत नाहीत. कर्ज स्वभावतः वाईट नसते, घर घेणाऱ्यास तर ते अटळच आहे; पण कर्ज वाढले की जशी कंपनीची धनकोपुढे मान वळते तशीच माणसाचीही वळते. ज्या दिवशी वरिष्ठ दडपणाने नको त्या कागदावर सही मागतो, तो दिवस आजारपणाइतकाच आपत्तीचा असतो, आणि सिगालाचा चौथा हिस्सा त्या दिवसासाठीही आहे. दुसरा आणि तिसरा हिस्सा धंद्यात घालावयाचा. पगारदाराचा धंदा म्हणजे त्याची विद्या, तेव्हा नवा कायदा, नवी लेखापद्धती, यंत्राने आकडे हाताळण्याची नवी रीत शिकण्यासाठी वेळ आणि पैसा घालणे हेही त्यातच आले.

आता उरते ती तिसरी संपदा, कल्याणमित्रता, आणि अत्तदीप होण्याशी तिचा विरोध नाही हे सांगणे जरूर आहे, कारण स्वावलंबनाचा अर्थ एकटेपणा असा करण्याची चूक फार सोपी आहे. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती नसती तर बाबासाहेबांचे कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण घडले नसते, शाहू महाराज आणि भथेना नसते तर लंडनचा अभ्यास पुरा झाला नसता. भथेना यांनी दिलेल्या पैशास तारण कोणते होते? बँकेच्या कोणत्याही कसोटीवर ते कर्ज मंजूर झाले नसते. एका माणसाने दुसऱ्याच्या उद्योगावर टाकलेला तो विश्वास होता. वित्तविभागातील वरिष्ठांकडे आज हीच भूमिका येते. परीक्षेस बसणाऱ्या उमेदवाराला मार्चअखेरच्या घाईतून सोडविणे अवघड असते, त्याला बँकेच्या बैठकीस सोबत नेऊन बोलणी ऐकू देणे गैरसोयीचे असते, आणि त्याने दाखविलेली चूक सर्वांसमक्ष मान्य करणे तर त्याहून कठीण. ज्याचा हप्ता फिटलेला आहे आणि ज्याच्या नावाला वजन आहे अशा माणसाने संशयित आकड्यावर पहिला नकार स्वतः नोंदवावयाचा, तळच्या टेबलावरील पोरावर तो ढकलावयाचा नाही, एवढे जरी त्याने पाळले तरी त्या कचेरीत दीघजाणूला सांगितलेला उपदेश कोणी न वाचताही आचरणात येईल.